साडेबारा हजार किलोमीटरचा केर

पासष्टाव्या वर्षी आमच्या ह्यांना तान्ह्या बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालायला शिकावं लागलं. बाळ अजून जन्माला यायचं होतं, म्हणून त्याच्या जागी आम्ही एक टॉवेल गुंडाळून दिला. ज्या कारखान्यात ह्यांनी आयुष्यभर सुताला रंग दिला तिथलाच तो टॉवेल, जाडजूड आणि फिकट निळा. मागच्या अंगणात पाटावर बसून, पाय लांब करून, हे त्या टॉवेलाच्या टाळूवर तेल थापायचे. आमच्याकडे झाडलोट, धुणीभांडी करणारी अक्का कमरेवर हात ठेवून वरून ओरडायची, "मान धरा की ओ काका! मान सोडली तुमी!"

"टॉवेलाला कुटली मान?" हे विचारायचे.

"मानच हाय ती. नीट धरा."

मी खुर्चीत बसून हसत होते, आणि हसता हसता मधेच मला रडू येत होतं. कारण हे सगळं खरं तर मी करायचं होतं.

आमची एकुलती एक मुलगी न्यूयॉर्कला असते. तिचं पहिलं बाळंतपण. आमच्या रिवाजाप्रमाणे तिनं माहेरी यायचं, पण तिला त्या महिन्यांत एवढा प्रवास नको असं तिकडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग आईनं जायचं. तर गेल्या वर्षी माझ्या पायात रक्ताची गाठ झाली, ती छातीपर्यंत गेली, आणि मी थोडक्यात वाचले. आमच्या डॉक्टरांनी विमानाचं नाव काढताच मान हलवली. "बाई, इतके तास एका जागी बसून जाणं तुम्हाला नाही चालणार," म्हणाले. तिसऱ्या दिवशी हे चहाचा कप माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "मी जातो की. बाप काय बाळंतपण करत न्हाय व्हय?"

शेजाऱ्यापाजाऱ्यांना चघळायला विषय मिळाला. एका वहिनींनी तर तोंडावर पदर धरून विचारलं, "मग आता काका डिंकाचे लाडू वळणार का?" वळले. चांगले सहा-सात घाणे बिघडवून शेवटी असे वळले की मीच दोन खाल्ले.

हे केमचे. रेल्वेचं स्टेशन असलेलं गाव, पण ह्यांची सगळी दुनिया केमपासून सोलापूरपर्यंतची. नकाशा उलटा धरला तरी ह्यांना कळत नाही. आणि मी? मी जन्मभर मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला. महासागरांची खोली, वाळवंटांची नावं, कुठं कधी दिवस उगवतो, सगळं मला पाठ. विमानात मात्र मी कधी पाऊल ठेवलं नाही. आमच्या सोलापुरात होटगी रोडच्या विमानतळावरून विमान उठलं की अजूनही हातातलं काम टाकून गच्चीवर जाते आणि ते दिसेनासं होईपर्यंत बघते. देवानं माझी अशी थट्टा करायला नको होती, असं मला अगदी मनापासून वाटतं.

शाळेतून निवृत्त होताना मी तिथला जुना पृथ्वीगोल मागून घेतला. त्याचा दांडा मोडला होता, म्हणून तो फेकणारच होते. वर्गात मी एक गंमत दाखवायचे. सुताचा धागा घ्यायचा, त्याचं एक टोक मुंबईवर धरायचं, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि ताणायचा. मुलींना वाटायचं, धागा सरळ पश्चिमेला जाईल, अरबस्तान, आफ्रिका, समुद्र असा. पण ताणला की तो सुळकन वर सरकायचा. अरल समुद्र, उरल पर्वत, उत्तरेचा बर्फ, ग्रीनलंड, आणि मग वरून खाली न्यूयॉर्क. सपाट नकाशावर जी वाट वाकडी दिसते तीच गोलावर सगळ्यांत जवळची. दर वर्षी मुली "अय्या" म्हणायच्या आणि दर वर्षी मला नवीन आनंद व्हायचा.

ह्यांच्या जाण्याच्या आदल्या संध्याकाळी मी तसाच धागा ताणून दाखवला. साडेबारा हजार किलोमीटर. विमान ताशी नऊशेनं जातं. म्हणजे चौदा तास. पहाटे तीनला निघालात की आपल्याकडच्या संध्याकाळी पाचला तुम्ही तिथं.

"तिकिटावर जास्त लिवलंय की," हे म्हणाले.

"एस.टी.वाले नाही का वेळ वाढवून लिहीत? विमानवालेही तसेच," मी म्हटलं. "धागा खोटं बोलत नाही."

ह्यांनी मान डोलावली. पृथ्वी गोल आहे हेही ह्यांनी माझ्यावर विश्वास ठेवूनच मानलेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं हे मुंबईला निघाले. सकाळपासून घरात धांदल. मुलीला आपली शेंगाचटणी लागते आणि ती ताजीच लागते, म्हणून हे दिवाणखान्यात खिडकीखाली फतकल मारून भाजलेले दाणे चोळत बसले. दाण्यांची लाल सालं पंख्याच्या वाऱ्यानं घरभर उडाली. मी स्वयंपाकघरात कडक भाकरी बांधत होते. पिठाचा डबा भरताना थोडं ज्वारीचं पीठ सांडलं, आणि ह्यांचा पाय नेमका त्यात पडला. निघताना मी ह्यांच्या तळहातावर दही घातलं. ते चाटून हे म्हणाले, "बाई, गोळ्या येळेवर घे." लग्नापासून हे मला बाईच म्हणतात. आधी चेष्टेनं म्हणायचे, नंतर तेच नाव झालं. रिक्षा वळली आणि मी आत आले, तर स्वयंपाकघरापासून उंबऱ्यापर्यंत पिठाची पांढरी पावलं उमटलेली. बाहेर जाणारी.

आता इथं आमच्या सासूबाईंबद्दल सांगायला हवं. त्यांचा एक नियम होता. घरातलं माणूस गावाला निघालं की ते पोचल्याचं कळेपर्यंत घर झाडायचं नाही. माणूस गेल्यावर लगेच घर झाडतात ते मयत बाहेर काढल्यावर. जित्या माणसाच्या मागं केरसुणी फिरवू नये. त्या काळी पोचल्याचं पत्र यायचं, म्हणून त्या अंदाजानं एक दिवस धरायच्या. मला हे पटायचं नाही. नवी नवी लग्न होऊन आले तेव्हा हे कारखान्याच्या कामानं कुर्डुवाडीला जरी निघाले तरी मी मुद्दाम केरसुणी हातात घ्यायचे. विज्ञान शिकलेली मुलगी ना मी! सासूबाई नुसत्या माझ्याकडे बघायच्या. असं मी आयुष्यभर झाडत आले आणि हे दर वेळी धडधाकट परत आले.

त्या दिवशी मात्र माझा हात केरसुणीकडे गेला नाही. का, ते मी स्वतःलाही विचारलं नाही.

पहाटे फोन आला. "बाई, आत बसलोय. खिडकी मिळालीय." मागं कुणीतरी इंग्रजीत सूचना देत होतं. मग फोन बंद झाला आणि मला पुन्हा झोप लागली नाही.

सकाळी अक्का आली. ती शहराच्या पूर्व भागातली, विणकरांच्या घरातली. घरात तेलुगू बोलते, दुपारी विड्या वळते, आणि आमच्या गल्लीतली निम्मी बाळं तिच्या पायावर न्हाली आहेत. तिनं पदर खोचून केरसुणी उचलली.

"आज झाडू नकोस," मी म्हटलं.

तिनं खाली पावलं बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि केरसुणी दारामागं ठेवली. एवढंच विचारलं, "आता कुटं असतील ओ काका?"

मी पृथ्वीगोल घेतला, धागा लावला आणि बोट ठेवलं. "इथं. अरल समुद्रापाशी. एके काळी मोठा समुद्र होता, आता आटलाय."

"आटला? समुद्र?" अक्कानं त्या निळ्या ठिपक्यावर बोट फिरवून बघितलं.

तो दिवस मला अजून जसाच्या तसा आठवतो, आणि तरी तो दिवस होता की झोपेतलं काही, याची खात्री देता येत नाही. मार्चचं ऊन. रस्त्यावर चिटपाखरू नाही. पंखा फिरत होता आणि दाण्यांची सालं जमिनीवरून थोडी उचलली जायची, थोडी सरकायची, पुन्हा बसायची. मी पावलं चुकवून चालत होते. स्वयंपाक केला की नाही ते आठवत नाही. बहुधा भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. मधून मधून धाग्यावरून बोट पुढे सरकवत होते. आता उरल ओलांडला असेल. आता खाली पांढरं लागलं असेल. हे खिडकीला नाक लावून बसलेत आणि खाली बर्फ, कुणाचं पाऊल न उमटलेला. तिथला सूर्य कसा असेल? तिरपा, लांबलचक सावल्यांचा. ते मी वर्गात शिकवलेलं आहे, पण शिकवताना मला कधी थंडी वाजली नव्हती. त्या दुपारी सोलापूरच्या उकाड्यात मी आरामखुर्चीवर पडले होते आणि माझी पावलं खरंच गार पडली होती. डोळे मिटले की कानात एक संथ घुमणारा आवाज यायचा. तो पंख्याचा होता हे मला माहीत होतं. मी तो पंख्याचा मानला नाही.

दोनच्या सुमाराला मुलीचा फोन आला. तिकडे पहाट.

"आई, दुखायला लागलंय. आम्ही दवाखान्यात निघालोय."

अजून आठवडा होता. आठवडा आहे म्हणून तर आजचं तिकीट काढलेलं. आवाज मात्र मी वर्गातल्यासारखा काढला. म्हटलं, "घाबरू नकोस. बाबा वाटेवर आहेत. पाचला उतरतील आपल्याकडच्या."

"तू असायला हवी होतीस गं," ती म्हणाली, आणि तिला कळ आली असावी, कारण फोन जावयांनी घेतला. ते म्हणाले, विमानतळावर बाबांना आणायला मित्राला पाठवतो, काळजी करू नका. चांगला मुलगा आहे.

मी फोन ठेवला आणि धाग्याकडे बघितलं. ग्रीनलंड. अजून कितीतरी बोटं बाकी. ह्यांनी लवकर पोचावं, एवढं एकच मागणं माझ्याजवळ होतं. तिथं तिच्या माहेरचं कुणीतरी असावं. नुसतं दाराबाहेर बसलेलं असलं तरी चालेल.

पाच वाजले. माझं बोट न्यूयॉर्कवर पोचलं. मी हात जोडले आणि उठले. आता हे उतरले, सामान घेतील, फोन करतील. तोवर घर लख्ख करू. दिवे लागल्यावर केर काढत नाहीत, आणि घरात नवं माणूस यायची वेळ, मग ते कितीही लांब का येईना. मी स्वतः केरसुणी घेतली. लाल सालं, पीठ, ह्यांच्या मोज्याचा एक दोरा, सगळं गोळा केलं. पावलं पुसली गेली तेव्हा जरा थबकले, पण म्हटलं, पोचले ना आता. केर सुपलीत भरून मागच्या दाराशी ठेवला. घंटागाडी सकाळी येते.

मग मी फोन घेऊन बसले.

साडेपाच झाले. सहा झाले. ह्यांचा फोन लागेना. जावयांचा नुसता वाजत राहिला. मी देवापाशी दिवा लावला. सामान मिळायला वेळ लागतो म्हणतात, मी मनाची समजूत घातली. मग पाणी प्यायला म्हणून फ्रिज उघडायला गेले, आणि त्याच्या दारावर चुंबकानं लावलेली तिकिटाची प्रत पुन्हा वाचली. सोळा तासांच्याही वर. तिथंच उभ्या उभ्या मला माझाच धडा आठवला. पश्चिमेला जाणाऱ्या विमानाला वरचे वारे समोरून येतात. दर वर्षी फळ्यावर बाण काढून शिकवलेला. चौदा तास लागतात ते धाग्याला, विमानाला नाही.

म्हणजे हे अजून आकाशात होते. आणि मी ह्यांच्या मागं घर झाडलं होतं.

मी स्वतःला म्हटलं, अगं, आयुष्यभर झाडत आलीस, काय झालं? पण तेव्हा हे कुर्डुवाडीला जात होते. तेव्हा दुसऱ्या टोकाला माझी लेक कळा देत नव्हती. कुणी मला त्या घडीला विज्ञान सांगितलं असतं तर मी त्याला घराबाहेर काढलं असतं.

मागच्या दाराशी सुपली तशीच होती. मी ती उचलली, दिवाणखान्यात आले, आणि मूठ मूठ केर पुन्हा जमिनीवर पसरू लागले.

तेवढ्यात अक्का आली. विड्या देऊन घरी जाताना बातमी विचारायला म्हणून वळली होती. दारात उभी राहून तिनं बघितलं. साठी उलटलेली, निवृत्त शिक्षिका, गुडघ्यावर बसून केर पेरतेय.

"काय करताय ओ बाई?"

रडत रडत सांगितलं. मला वाटलं, हसेल. ती आत आली, माझ्या हातातली सुपली घेतली आणि म्हणाली, "सालं हितं नव्हती. काका खिडकीखाली बसले होते की." तिनं सालं खिडकीखाली नेऊन टाकली, जरा फुंकर घालून पसरली. मग आम्ही दोघींनी मिळून ठरवलं, पीठ कुठं होतं, दोरा कुठं होता. पावलं काही परत आणता येईनात. अक्कानं पिठाच्या डब्यातून चिमूटभर पीठ घेतलं, उंबऱ्याच्या आत ठेवलं, आणि म्हणाली, "बास. त्याला कळतंय." कुणाला, ते मी विचारलं नाही.

आम्ही दोघी त्या केरात भिंतीला टेकून बसलो. बाहेर संध्याकाळ निळी होत गेली. देवापुढचा दिवा तेवढा होता, वरचा दिवा लावायला कुणी उठलं नाही. अक्का हळू आवाजात तेलुगूत काहीतरी म्हणत होती, गाणं असेल नाहीतर देवाचं नाव. मला वाटलं, आमची खोलीच जमिनीवरून उठली आहे आणि अंधारातून संथपणे कुठंतरी चाललीय.

फोन वाजला.

"बाई, पोचलो."

मग मी विचारलं, ते काय, तर "बर्फ दिसला का हो?"

"कसला बरफ? आदी वाळवंट, मग डोंगर, मग नुसतं पाणी. लई पाणी, बाई."

"उत्तरेकडून नाही गेलात? ग्रीनलंडवरून?"

"न्हाय. शेजारचा माणूस म्हणला, मदल्या देशांवरनं विमानं जात न्हाईत सध्या, लांबून वळसा घालावा लागतो. आन् मला काय इचारतीस, मी हाकत होतो व्हय?" मग आवाज बदलला. "जावईबापूंचा दोस्त आलाय. थेट दवाखान्यात चाललो. पोरीकडं बघतो मी. तू गोळी घे."

फोन बंद झाला. हे सुखरूप होते आणि तिच्याकडे निघाले होते. मग सावकाश माझ्या लक्षात आलं की अरल, उरल, तो कोरा बर्फ, तो तिरपा सूर्य, ह्यातल्या कशाशीच ह्यांची गाठ पडली नव्हती. दिवसभर त्या वाटेनं दुसरंच कुणीतरी गेलं होतं. माझी पावलं अजून जरा गारच होती.

"पोचले?" अक्कानं विचारलं.

"पोचले."

ती उठली. "दिवे लागलेत, आता नको. उद्या सकाळी येऊन झाडते."

"सकाळीही नको," मी म्हटलं. "एक जण अजून वाटेवर आहे."

अक्का थांबली. मग तिला कळलं आणि तिचा चेहरा मऊ झाला. पृथ्वीगोल खाली पडला होता, तो उचलून तिनं माझ्या हातात दिला. "ते किती लांब हाय ओ, बाई? कुटनं येतंय?"

धागा माझ्या बोटाला गुंडाळलेला होता. एक टोक मी न्यूयॉर्कवर ठेवलं. दुसरं कुठं ठेवावं ते मला सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर ह्यांचा फोन आला. ह्यांनी फोन नुसता पुढे धरला. पलीकडून एक चिडका, खणखणीत आवाज आमच्या सोलापूरच्या घरात आला. मी फोन कानापासून लांब धरला, अक्कालाही ऐकू यावा म्हणून. तिनं मान वाकडी करून तो नीट ऐकला, एखादी ओळखीची हाक ऐकावी तसा.

"आलं," ती म्हणाली, पदर खोचला, आणि दारामागची केरसुणी काढली.